यादीत नसलेली बहीण

घोडेगावात एसटी स्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका, नाना प्रकारचे अर्ज, आणि निवडणूक आली की उमेदवारांसाठी मतदारांच्या चिठ्ठ्या. त्यापायी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या गावोगावच्या याद्या माझ्या कॉम्प्युटरात पडून होत्या. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. पडद्यावर झकास देवनागरी आणि फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा नुसता पालापाचोळा. एक नाव शोधायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.

मी पुस्तकं वाचून, रडतखडत, शोधायचा एक प्रोग्राम लिहिला. त्याला नावाचा साचा द्यायचा: आधी हा शब्द, मध्ये काहीही चालेल, मग तो शब्द. हजारो ओळींतून तो नेमकी ओळ बाहेर काढायचा. वेलांटी चुकलेली असो की जागा जास्तीची सुटलेली, मी सगळं धरून ठेवलं होतं. सगळ्या घोडेगावात हे फक्त मला येतं, याचा मला माज होता.

एकदा तळेघरच्या बाजूचा एक शेतकरी दुकानात आला. पन्नाशीचा असेल. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, कारण एसटी धरायला त्याला बरंच चालावं लागलं होतं.

"भाऊ, तुमच्या कंपुटरात माणूस घावतं म्हणत्यात."

"नाव सांगा, घावतं का बघू," मी ऐटीत म्हणालो.

त्याची आई अंथरुणाला खिळली होती. "लई थकलीय. पर लेकीला बघितल्याबिगर जायची न्हाई म्हणती," तो म्हणाला. त्याची बहीण ज्या गावात दिली होती ते गाव धरणात गेलं, माणसं कुठं कुठं पांगली. तिचा निरोप येऊन वीस वर्षं होऊन गेली होती. बहिणीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव, एवढंच त्याच्याजवळ होतं. मतदारयादीत बाई नवऱ्याच्या नावासकट असते, म्हणून मी तिन्ही शब्दांचा साचा केला. आधी आंबेगाव तालुका घेतला, मग जुन्नर. एकही ओळ आली नाही.

"न्हाई म्हंजी?" त्याने विचारलं.

समोर पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "नाही म्हणजे नाही. जिवंत माणूस यादीत असतंच."

तो जरा वेळ बाकावर बसला. मग पाणी मागून प्यायला आणि दुपारच्या एसटीने वर तळेघरकडे परत गेला. मी त्याला विसरूनही गेलो.

महिनाभराने तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केसांचे खुंट नुकते फुटत होते. सोबत एक बाई होती, तोंडवळा हुबेहूब त्याचाच. मला काय ते उमगलं.

मी सांगितलेलं त्याने घरी जाऊन जसंच्या तसं आईला सांगितलं होतं. म्हातारी रडली नाही म्हणे. "लेक गेली, सुतक आलं, मला अंघूळ घाला," एवढंच बोलली. तिला उठवून बसवलं आणि डोक्यावरून पाणी घातलं. त्यानंतर तिने वाटेकडे बघणंच सोडलं. भाकरीही सोडली. नवव्या दिवशी गेली.

तिच्या दहाव्याला जुन्नरकडचा एक पाहुणा आला होता. बहिणीचा विषय निघाला तसा तो म्हणाला, तुमच्याच तोंडवळ्याची, तुमच्याच बाजूची एक बाई बोरी बुद्रुकला आमच्या शेजारच्या रानात खुरपायला येते. हा दुसऱ्याच दिवशी बोरीला गेला. बाई त्याची बहीणच होती.

तिचा पहिला नवरा धरण झाल्यावर दोन वर्षांत वारला होता. मग दिराने तिचा पाट लावून दिला, म्हणजे विधवेचा दुसरा संसार. यादीत ती त्या दुसऱ्या नवऱ्याच्या नावाने होती. माझी चुलत आजी पाटाची. आमच्या भावकीत अशा आणखी दोघी. लहानपणापासून बघितलेली ही रीत, आणि साचा लिहिताना ती माझ्या डोक्यात आली नाही. वेलांटीची चूक मी धरली होती आणि नवरा मरतो हे धरलं नव्हतं. लाज वाटते सांगायला.

"पाटानं गेले, मंग कुठल्या तोंडानं म्हायेराला येऊ, म्हणून न्हाई आले," बाई म्हणाली. भाऊ खाली बघत होता. त्याने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "मला दावा, कुठं हाय मी."

मी नवऱ्याचं नाव आणि आडनाव काढून टाकलं. नुसतं तिचं नाव, गाव आणि बाई एवढाच साचा दिला. चार ओळी आल्या. तिसऱ्या ओळीत तिच्या आत्ताच्या नवऱ्याचं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं. तिने माझं बोट बाजूला केलं आणि काचेवर आपलं ठेवलं.

"आई जित्ती व्हती तवाबी मी हितंच व्हते?"

"हो," मी म्हणालो.