उन्हाळ्यात बंद

मारोतीमामांनी आमचं पत्रक आमच्याच मोर्चासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, ही आमची पहिली भेट. सेनगाव-साखरा रस्त्याला, जुन्या कापसाच्या गोदामात त्यांचा बिअरचा लहानसा कारखाना होता. तांड्यावरच्या बायका घेऊन मी तिथं धडकले होते. पत्रक मीच लिहिलेलं. मथळा होता, 'पाणी माणसाला की बाटलीला?' मामा फाटकाबाहेर आले, एक प्रत मागून घेतली, चष्मा लावला आणि सभेत भाषण करावं तसं पहिल्या ओळीपासून वाचू लागले. घोषणा आपोआप थांबल्या. ज्याच्याविरुद्ध ओरडायचं तोच आपलं म्हणणं ओरडून सांगतोय म्हटल्यावर बायका तरी काय करणार? 'या कारखान्यानं तांड्याची विहीर आटवली' या ओळीवर ते अडखळले.

"हे खोटं हाय. अजून न्हाई आटवली. पण आटवू शकते. तसं लिही पोरी, खरं लिहिलं तरी लोक भितेत."

ओळ मी बदलली. 'आटवली'चं 'आटवेल' केलं. राग मात्र तसाच ठेवला.

मग त्यांनी मला आणि धुरपताबाईला आत बोलावलं. धुरपताबाई मोर्चातली सगळ्यात म्हातारी. तिला मामा तांड्याच्या बोलीत 'याडी', म्हणजे आई, म्हणत. "बाकीच्यायनी हितंच थांबून घोषणा द्या, आत आवाज येऊ द्या," असं बायकांना बजावून ते पुढे झाले. आत गोणपाटावर ज्वारी पसरली होती, पांढरे बारीक मोड आलेली. ती वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात मुरवायची, गाळून उकळायची आणि गार झाल्यावर खमीर घालून स्टीलच्या टाक्यांत ठेवायची. वास गुत्त्याचा नव्हता, रात्रभर भिजलेल्या पिठाचा होता.

मी बिअर चाखली. मीच लिहून टाकते, म्हणजे उद्या कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. पावसाळ्यातली जांभळाची, घशाला तुरट धरणारी. थंडीतली हुरड्याची, हिरवट गोडसर. होळीच्या आसपास मोहाची होते म्हणाले. एकदा हळदीचीही करून पाहिली होती. "गिऱ्हाईक म्हणे, मामा, आईनं सर्दीला दिल्यावानी लागते." धुरपताबाईनं साध्या ज्वारीचा पेला तोंडाला लावला आणि डोळे बारीक केले.

"अरे, हे तं आंबील हाय!"

"आंबीलच हाय याडी. सरकारचा शिक्का मारलेली."

"आणि उन्हाळ्याची कोणती?" मी विचारलं. बिअर खपते उन्हाळ्यात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"उन्हाळ्यात बंद."

मला वाटलं, मोर्चा बघून सुचलेलं उत्तर आहे. तसं तोंडावर बोललेही. तेव्हा त्यांनी सांगितलं. मामा मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी मोठ्या शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात लागले आणि केस पांढरे होईतो तिथंच राहिले. तिथं उन्हाळ्यात यंत्रं रात्रंदिवस चालत. बाटली भरायला लागतं त्याहून कितीतरी जास्त पाणी सगळं धुण्यात जातं. एका वैशाखात सुट्टीवर गावी आले, तर बायको टँकरखाली घागर घेऊन दुसरीशी भांडत होती. "मी तिकडं गोड्या पाण्यानं बाटल्या विसळून राहिलो, आन हितं माझी बायको पाण्यासाठी झिंज्या धरून राहिली. कोणाला सांगावं?" त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गावी परतून स्वतःचा कारखाना काढला तो या एका अटीवर. कसब मामांचं, पैसा, यंत्रं आणि परवाना हिंगोलीच्या एका हॉटेलवाल्या भागीदाराचा. अट भागीदारानं तोंडी मान्य केली होती.

मी दारूची बाजू घेत नाही. दारूनं मोडलेली घरं मी बघते, त्यांच्या दारात बसते. हे मामांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "बराबर हाय तुझं. तू तुझं काम कर." आणि पुढच्या सभेला स्वतः सतरंजीवर पुढे येऊन बसले. पण मोठमोठे लोक पाण्यावर व्याख्यानं देऊन स्वतःच्या बागा भिजवतात, तेव्हा या माणसानं आपला ऐन धंद्याचा हंगाम दरवर्षी सोडून दिला. होळी झाली की ते कारखान्याच्या विहिरीत दोराला दगड बांधून सोडत. तांड्याची विहीर त्याच झऱ्यावर. भागीदार यायचा, घाम पुसायचा, म्हणायचा, "मामा, यही तो सीझन है." मामा दोर वर ओढत म्हणत, "मला काहून विचारता? पाण्याला विचारा." दोर जेमतेम कमरेइतका ओला निघू लागला की कुलूप.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला गेले आणि भागीदारानं डाव साधला. लग्नसराईसाठी आंब्याची बिअर कबूल करून बसला होता. तांड्याचा सरकारी टँकर येईल तेव्हा येई. कारखान्याचा रोज सकाळी येई. बायका रिकाम्या घागरी घेऊन तो जाताना बघत. मामा काळा चष्मा लावून परतले तेव्हा सगळ्या टाक्या भरल्या होत्या.

"तुमच्या विहिरीला हात लावला नाही मामा," भागीदार म्हणाला. "पाणी विकत घेतलंय."

"टँकर कुठं भरते? आभाळात?"

"सिद्धेश्वर धरणाकडून आणला."

"तिकडं काय माणसं ऱ्हात न्हाईत?"

मी तांड्यावरून पळत आले. म्हटलं, मामा, तोट्या सोडा. सगळी रस्त्यावर ओता. मी पेपरवाल्यांना बोलावते, साऱ्या जिल्ह्याला कळू दे.

मामा टाकीला हात लावून उभे होते. "फोटोसाठी पाणी सांडू नको."

"पाणी कुठंय? बिअर आहे ती!"

"माणसाच्या वाटणीचं पाणीच हाय ते पोरी. आंबून राहिलं, इतकंच."

त्यांनी एक थेंब सांडू दिला नाही. बिअर तयार होईतो डोळ्यांत औषध घालत टाकीजवळ बसून राहिले, कधी गार करायची, कधी गाळायची ते सांगत. भागीदाराला वाटलं, म्हातारा वळला. मलाही तेच वाटलं आणि मी बोलणं टाकलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पेला भरला, एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"चांगली झाली," ते म्हणाले. "लई चांगली झाली." आणि उरलेला पेला भागीदारापुढे ठेवला. घरात कुणी गेल्याची खबर सांगावी तसा त्यांचा आवाज होता.

मग किल्ली भागीदाराच्या हातावर ठेवली. "आता माझं नाव काढून टाका."

"मामा, तुमच्याशिवाय चव कशी येणार?"

"न येवो."

ते पुन्हा त्या फाटकात गेले नाहीत. दुसरं काही करताही येत नव्हतं त्यांना. घरासमोरच्या बाजेवर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. मी जायची, भांडायची. ती बिअर ओतायलाच हवी होती, असं माझं आजही म्हणणं आहे. जे वाया गेलं ते लोकांना दिसायला हवं होतं. "तुला लोकायला दाखवायचं असते," ते म्हणत, "मला पाण्याला तोंड दाखवायचं असते." यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. थंडीत, हुरड्याच्या दिवसांत, ते झोपेतच गेले. तांड्यावरच्या बायका मातीला आल्या. मोर्चाला आल्या होत्या त्याहून जास्त.

कारखाना चालू आहे. बाराही महिने. या वैशाखात एका लग्नाची वरात गेल्यावर धुरपताबाईला रस्त्याकडेला रिकामी बाटली सापडली. कागदावर फेटेवाल्या, भरघोस मिशांच्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून ती बाटली घेऊन माझ्याकडे आली.

"हा कोन हाय ग?"

"मारोतीमामा आहेत म्हणे. खाली नाव छापलंय."

"त्याला कुठं मिशा व्हत्या?" तिनं बाटली उन्हात धरून नीट पाहिली. "आन हे दुसरं काय लिव्हलंय?"

"मामांची खास उन्हाळी."

"उन्हाळी?" ती म्हणाली. "मंग तं हा तो न्हाईच."