खुर्ची नसलेला कॉम्प्युटर

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोलशेतच्या एका ऑफिसात मी झाडलोट करायची. तिथे वायरींनी एकमेकांना जोडलेले बारा कॉम्प्युटर होते आणि कोपऱ्यात एक तेरावा. त्याच्यापुढे खुर्चीच नव्हती. कोणी बसत नसलं तरी तो दिवसभर घरघरायचा. माझ्या सासऱ्यांनंतर काही न करता एवढं घरघरणारं मी हेच पाहिलं.

साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, लाईट फुकट जळता कामा नये."

मी बाळकुमची. आमच्याकडे भाकऱ्या झाल्या की निखारे राखेखाली झाकायचे. चूल उगाच पेटती दिसली तर सासू अख्खी आळी गोळा करायची. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले की मी बाराही स्क्रीन बंद करत फिरायची. त्याने कोणाचं बिघडत नव्हतं. परत येऊन खटका दाबला की काम जिथल्या तिथे. मग एक दिवस मी त्या तेराव्याचाही खटका दाबला. त्याला स्क्रीन नव्हती, त्याची घरघरच थांबली.

सुट्टी संपली आणि सगळं ऑफिस बोंबललं. सकाळपासून केलेलं निम्मं काम गेलं होतं.

"उद्यापासून येऊ नका!" साहेब ओरडले.

नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर माझ्या पगारावर चालत होतं. गप्प बसायला हवं होतं. बसले नाही.

"लाईट वाचवा म्हणालात, वाचवली. ज्याच्यापुढे कोणी बसत नाही तो चालू कशाला?"

कॉम्प्युटर सांभाळायला डोंबिवलीहून एक मुलगी यायची. ती मध्ये पडली. "अहो मावशी, हे बाराही जण त्याच्याकडूनच सगळं घेतात. तो वाढतो, हे जेवतात."

"मग हे आधी सांगायचं ना! वाढणारीला बसायला मिळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको."

मुलगी फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. तशी ती घाईने म्हणाली, "सर, स्क्रीन बंद असल्या की खोली फार तापत नाही. सुट्टीत एसीसुद्धा बंद ठेवता येईल."

"आठ दिवस बघतो," साहेब म्हणाले. "काही अडलं तर मावशी घरी." आणि तेराव्यावर त्यांनी कागद चिकटवला: हात लावू नये. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता येत होतं.

आठव्या दिवशी सुट्टीत साहेब स्वतः बघायला आले. स्क्रीन काळ्या, एसी गप्प, तेरावा एकटा घरघरतोय. साहेबांनी नाक वर केलं.

"जळतंय! मेन कॉम्प्युटर जळतोय!"

"जळत नाही, साहेब. सुकट आहे."

माझा डबा तेराव्याच्या डोक्यावर होता. त्याची ऊब फुकट जात होती, ते मला बघवेना.

"हात लावू नये असं लिहिलंय ना?"

"हात कुठे लावलाय? डबा ठेवलाय."

मुलगी तोंडावर ओढणी धरून भिंतीकडे वळली. साहेबांनी डबा उचलला, जरा हुंगला. "उद्यापासून..." ते म्हणाले, आणि मी पिशवी उचलली. "उद्यापासून डबा खिडकीत ठेवायचा."

म्हणजे उद्या यायचं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि डबा उघडला. सुकट नुसती कोमट झाली होती. साहेब दहा मिनिटं उशिरा आले असते तर बरं झालं असतं.