डब्यात नवी सिस्टीम

लेस्कोवत्स गावात सप्टेंबर लागला की प्रत्येक अंगणात लाल मिरच्या भाजल्या जातात, आणि त्यांची सालं काढता काढता माणसंही सोलली जातात. दोब्रिंकाइतकं बारीक सोलणारं त्या गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिने कापडगिरणीत तपासनिसाचं काम केलं होतं. दिव्याखालून ठाण सरकायचं आणि ती बोट ठेवायची: इथे धागा सुटलाय, इथे डाग आहे, हे परत न्या. गिरणी बंद पडली, बोट मात्र थांबलं नाही. त्याखालून आता शेजारीपाजारी, चर्चचा पाद्री, टीव्हीवरचे पुढारी सरकत, आणि सगळ्यांत जास्त वेळा तिचा नवरा स्तोयादिन.

स्तोयादिनने आयुष्यभर एसटीसारखी लाल बस हाकली होती आणि निवृत्त झाल्यावर तो रणगाडा हाकत होता. त्यांचा एकुलता मुलगा उग्लेशा सहा वर्षांपूर्वी जर्मनीत, उल्मला, गोदामात कामाला गेला. जाताना त्याने स्वतःच्या हाताने जुळवलेला गेम खेळायचा कॉम्प्युटर मागे ठेवला. काळा, शवपेटीएवढा, आणि पोटात निळे दिवे. दोब्रिंका त्याला 'डबा' म्हणायची. दर रविवारी पाच वाजता चौसष्ट वर्षांचा बाप इकडून आणि एकोणतीस वर्षांचा मुलगा तिकडून रणगाड्यात बसत आणि नसलेल्या गावातल्या नसलेल्या शत्रूंवर गोळे टाकत. ज्या माणसाला स्वतःच्या घरातला नळ बंद करता येत नाही, तो पूल ताब्यात घेण्याच्या गोष्टी करतो, असं ती शेजारणीला सांगायची.

पण रविवारी पाच ते सात ती स्वयंपाकघरातून हलत नसे. आईला फोनवर उग्लेशाचं उत्तर ठरलेलं: "सगळं ठीक आहे, आई. कामात आहे." गोळे टाकताना मात्र त्याची जीभ सैल सुटायची. स्पीकर मोठ्याने लावलेला असायचा आणि तिला भिंतीपलीकडून सगळं कळायचं. दाढ काढली. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. ती क्रोएशियन मुलगी आता येत नाही. आईला जे विचारून मिळत नव्हतं ते तिला रणगाड्यांच्या आवाजात फुकट मिळत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त दुसऱ्या दिवशी उल्मला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे कधी मलम, कधी लोकरीचे मोजे धाडायची.

ऑक्टोबरात पडद्यावर सूचना आली. एक तारखेपासून हा खेळ जुन्या सिस्टीमवर उघडणार नाही, नवी घाला. स्तोयादिनने 'नंतर आठवण करा' दाबलं. रोज दाबलं. बारा दिवस दाबलं.

"घालायची की नाही ते एकदाचं ठरव ना," दोब्रिंका म्हणाली.

"चालू गाडीचं इंजिन खोलायचं नसतं. आता निदान एक तारखेपर्यंत तरी चालतोय. घालताना मेला म्हणजे?"

"आणि नाही घातली तर एक तारखेला मेला. तू काय, त्याच्या मयताची तारीख पुढे ढकलतोयस?"

"दोन वेळा तपासून पाहिलं. 'हा कॉम्प्युटर पात्र नाही' असं तोच सांगतो."

"तू तरी कुठे होतास? तुझ्याशी संसार केलाच ना मी?"

शेवटी स्तोयादिनने नोवित्साला बोलावलं. नोवित्सा कॉम्प्युटरचा मेस्त्री. त्या आधी तो टीव्हीचा मेस्त्री होता, त्या आधी वॉशिंग मशीनचा, आणि त्याच्या हाताखालून गेलेलं एकही यंत्र पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. तो आला, बसला. कॉफी झाली. मग राकिया झाली, कारण त्या गावात घसा ओला केल्याशिवाय कुठलाही मेस्त्री स्क्रूला हात लावत नाही. मग त्याने डब्याची बाजू उघडली, मान डावीकडे कलती केली, एक लांब उसासा सोडला आणि सगळे मेस्त्री ज्या वाक्याने सुरुवात करतात तेच वाक्य म्हणाला:

"हे तुम्हाला कोणी करून दिलंय हो?"

छप्पर शाकारणारा असो की दात बसवणारा, आधीच्या माणसाच्या कामावर थुंकल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नाही. घरच्यांनीही नियमाप्रमाणे मान खाली घालायची, "होता एक, फसवलं मेल्याने," म्हणायचं, आणि नवा पेला भरायचा. स्तोयादिनने बाटलीकडे हात नेलासुद्धा.

"माझ्या मुलाने," दोब्रिंका म्हणाली.

शहाण्या माणसाने इथे जीभ चावली असती. पण नोवित्सा तिसऱ्या पेल्यावर होता. "तेच म्हणतो मी, वहिनी. पोरखेळ आहे. वायरी बघा, नुसता शेवयांचा गुंता. नवी सिस्टीम याला पेलणारच नाही. भंगारात घाला. माझ्याकडे एक आहे, फार वापरलेला नाही—"

दोब्रिंकाने त्याच्यासमोरची पावाची आणि भाजल्या मिरच्यांच्या ताज्या चटणीची, ऐवारची, बशी उचलली. मग बाटली उचलली. मग त्याच्या हातातला पेला.

"अहो वहिनी, त्यात अजून आहे."

"मांजराला घालीन. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. ऊठ, नोवित्सा. माझ्या वॉशिंग मशीनला नाचायला शिकवलंस तेव्हाही मी काही बोलले नव्हते."

तो गेल्यावर स्तोयादिन हळहळला. "अगं, मेस्त्रीला असं घालवतात का? आता गावात कोण येईल आपल्याकडे?"

तिने उघड्या डब्याचा फोटो काढला आणि उग्लेशाला पाठवला. खाली लिहिलं: नोवित्सा म्हणतो, हा पोरखेळ आहे, भंगारात घाला.

आईच्या निरोपाला उत्तर द्यायला ज्याला दोन दोन दिवस लागत, त्याचा फोन चाळीस सेकंदांत आला.

"कोण नोवित्सा? तो वॉशिंग मशीनवाला? त्याला हात लावू दिलात तुम्ही? आई, फोन पडद्यासमोर धर. बाबांना बाजूला कर."

"ते कधीचेच बाजूला आहेत."

त्याने डबा बंद करायला लावला, परत चालू करायला लावला, एक बटण दाबत राहायला सांगितलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा आल्या.

"खाली ये. अजून खाली. आई, खाली म्हणजे खाली. थांब. हे 'बंद' आहे ना, ते 'चालू' कर."

"बस? एवढंच? म्हणून अपात्र म्हणत होता?"

"हो. सुरक्षेचं काहीतरी असतं. मी जुळवताना बंदच ठेवलं होतं. तेव्हा कोणाला लागत होतं?"

म्हणजे धागा उग्लेशाकडूनच सुटला होता. आयुष्यात पहिल्यांदाच दोब्रिंकाला दोष दिसला आणि तिने त्यावर बोट ठेवलं नाही.

आता पडद्यावर एकच प्रश्न उरला: नवी सिस्टीम घालू का? स्तोयादिन मागून म्हणाला, "उद्या करूया का? जरा विचार करून—"

"तू सव्वीस वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये बस हाकलीस," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

दोन तास लागले. आकडे चढत होते, डबा मधेच मरत होता, पुन्हा जिवंत होत होता, आणि दर वेळी स्तोयादिन छातीवर क्रॉस करत होता. उग्लेशाला फोन ठेवता येईना. काय जेवलास, तिने विचारलं. पाव आणि सॉसेज. भाजी? काकडी. काकडी म्हणजे पाणी असतं, ती म्हणाली. तो हसला. पण त्यापलीकडे ती जेवढं विचारी तेवढं तो "ठीक आहे" म्हणून बुजवून टाकी. आठवड्याने स्पीकरमधून सगळं कळेलच, असा तिने मनाशी हिशेब केला.

शेवटी नवं चित्र आलं. खेळ उघडला. स्तोयादिनच्या डोळ्यांत पाणी आलं, बस चालवताना बैल वाचवला होता तेव्हा आलं होतं तसं. या माणसाला लग्नातही रडू आलं नव्हतं, हे दोब्रिंकाने टिपून ठेवलं.

रविवारी पाच वाजता ती स्वयंपाकघरात मिरच्यांचा शेवटचा घाणा ढवळत उभी राहिली. सव्वापाच झाले. गोळे नाहीत, स्फोट नाहीत, मुलाचा आवाज नाही. नुसता नवऱ्याचा: "डावीकडून ये... हं... हं... कधी?"

ती दारात गेली. स्तोयादिनच्या डोक्यावर हेडफोन होते, ताटलीएवढे.

"हे काय?" तिने त्याचा एक कान उघडा केला.

"पोराचेच आहेत. आजवर बोलतच नव्हते. नव्या सिस्टीमने ओळखले बघ!" तो आनंदाने म्हणाला. "आता तुला त्रास नाही. इतकी वर्षं डोकं उठायचं ना तुझं?"

सहा वर्षं ती दर रविवारी तेच म्हणत आली होती. ती परत फिरली आणि ढवळायला लागली. भिंतीपलीकडून पुन्हा अर्धंच बोलणं येत राहिलं.

"हं... मग डॉक्टर काय म्हणाला?"

दोब्रिंकाने चमचा पातेल्यात सोडला. ती खोलीत गेली, डब्यामागे वाकली आणि हेडफोनची वायर ओढून काढली. स्पीकर गर्जला.

"—मंगळवारी सकाळी गुडघा उघडणार. गोदामात शिडीची घोडी पडली पायावर, दुसरं काही नाही. आईला नका सांगू हं. उगाच बसमध्ये बसून येईल."

स्तोयादिनने तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर त्याचा रणगाडा भर चौकात उभा राहून मार खात होता.

"बाबा? अहो, हला ना! बाबा?"

"बाबा नाही, मी आहे," दोब्रिंका म्हणाली. "कुठला गुडघा?"



"...डावा. आई, अगं छोटं आहे, तू येऊ नकोस. तीन दिवसांत घरी सोडतात."

"घरी म्हणजे कुठे? काकडी खायला?" तिने हात एप्रनला पुसले. "स्तोयादिन, तो पेटलेला रणगाडा सोड आणि बसवाल्याला फोन लाव. उद्याची एक जागा. खिडकीजवळची."

"आई, मी म्हणतोय ना, नको."

"तुला कोणी विचारलंय का? हॉस्पिटलचं नाव सांग. नीट, एकेक अक्षर. मी लिहून घेतेय."