कैलासच्या झोपेचं वायरिंग

घोटावडे फाट्यावर कुशाबांचं दुकान म्हणजे डोक्यावर पत्रे, एक लोखंडी टेबल आणि पुढं ट्रक उभा राहील एवढी मोकळी जागा. रिहे गावाच्या वरच्या वाडीतून तरुणपणी ते खाली आले ते ट्रॅक्टरचे डायनॅमो दुरुस्त करायला. पुढं आसपास कारखाने आले आणि ट्रकवाले त्यांच्याकडं वळले. कुशाबांच्या हातची गाडी वाटेत बंद पडत नाही, असं ड्रायव्हर म्हणत. म्हाताऱ्याच्या तोंडी लागू नये, असंही म्हणत. घाई करणाऱ्याला ते सरळ सांगायचे, "घाई आसंल तर पुढं दुसरं दुकान हाय."

एका सकाळी कोळवणच्या कैलासचा ट्रक समोर येऊन थांबला. कैलास कारखान्याचा माल घेऊन मद्रासकडं जाई, आठवडा आठवडा घराबाहेर असे. त्या दिवशी शेजारी त्याची बायको सोनल बसली होती. आधी उतरली तीच.

"मामा, ह्यांची गादी जळाली."

"जळाली न्हाई, जराशी करपली," कैलास मागून म्हणाला.

कुशाबा केबिनमध्ये चढले. ड्रायव्हरच्या झोपायच्या फळीवर गादीखाली एक इन्व्हर्टर कोंबलेला होता, वर फडकं गुंडाळलेलं. त्याची वायर शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक. केबिनच्या पत्र्याला नुसतं भोक पाडून ती खाली बॅटरीकडं नेली होती. पत्र्याच्या कडेनं तिची साल सोलून तांबं उघडं पडलं होतं. मध्ये फ्यूज कुठंच नाही. त्यात वायर जोडली होती ती दोन बॅटऱ्यांतल्या एकीलाच.

कुशाबा खाली उतरले आणि त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. मग विचारलं, "कुणी बसवलं हे?"

"हायवेवर एकानं. चहा पिऊस्तोवर झालं काम."

"दिसतंयच. आरं, दोन बॅटऱ्या म्हंजी जोडीचं बैल. एकालाच जुपलंस तर त्यो खंगणार आन् दुसरा माजणार. दोनी जातील." त्यांनी हात पुसले. "चालवतोस काय ह्याच्यावर?"

"मोबाइल."

"मोबाइलला येवढा डबा लागत न्हाई. लोड कळल्याबिगर मी वायरला हात लावायचा न्हाई."

कैलास टायरकडं बघत राहिला. शेवटी सोनलनंच सीटमागची पिशवी ओढली. आतून एक लहानसं यंत्र निघालं, लांब नळी आणि नाकावर बसणारा मास्क.

मग सगळं बाहेर आलं. एकदा कोकणातून परतताना ताम्हिणी घाटात भर दुपारी कैलासचा डोळा लागला होता. ट्रक कठड्याला घासून थांबला, म्हणून वाचला. पुण्याच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. झोपेत त्याचा श्वास पुन्हा पुन्हा अडकतो, त्यामुळं रात्र जाते पण झोप होत नाही, असं निघालं. रोज यंत्राची हवा देणारा हा मास्क लावून झोपायचं, नाहीतर स्टेअरिंग सोडायचं, असं त्यांनी बजावलं. घरी ते जमे. पण कैलासच्या रात्री जायच्या केबिनमध्ये.

"ढाब्यावर पोरं हसतील म्हून हे लपवून ठेवत्यात," सोनल म्हणाली.

कुशाबांनी मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला. अपघाताच्या गाड्यांचं वायरिंग त्यांनी जन्मभर नव्यानं केलं होतं. रस्त्यावर ब्रेकची खूणही न उमटवता आदळलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचे ड्रायव्हर पुन्हा फाट्यावर दिसले नव्हते. कैलासला तर ते त्याच्या क्लीनरकीपासून ओळखत.

"बस चहा पीत," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

पिरंगुटहून त्यांनी चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर मागवला, घरच्या लाइटीसारखा स्वच्छ करंट देणारा. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की तो आपला आपण बंद होई, म्हणजे सकाळी स्टार्टरला ताकद उरे. दोन्ही बॅटऱ्यांच्या जोडीवरून त्यांनी जाड तांब्याची केबल घेतली, सायलेन्सरपासून लांबून नेली, पत्र्याच्या भोकात रबर बसवलं. इन्व्हर्टर मागच्या भिंतीला, गादीपासून दूर, वारा लागेल असा लावला. फ्यूज मात्र थेट बॅटरीजवळ.

"आत बसवा की, बदलायला सोपा," कैलास म्हणाला.

"पाटाचं दार धरणापाशी आसतं का शेताच्या टोकाला? वायर मधी कुटं घासली तर करंट उगमालाच तुटाय पायजे."

सगळं आवळून झाल्यावर त्यांनी निगेटिव्ह परत जोडली आणि म्हणाले, "आता निज."

"आता? दिवसाढवळ्या?"

"लोड लावल्याबिगर गाडी सोडत न्हाई मी."

कैलास कुरकुरत वर चढला. पडदा ओढला गेला. यंत्राची बारीक सूं सूं ऐकू आली आणि थोड्या वेळानं तीही रहदारीत हरवली.

चहाच्या टपरीवरून ऋषिकेश नावाचा ड्रायव्हर आला. पडद्याच्या फटीतून डोकावून म्हणाला, "मामा, ह्याला हत्तीची सोंड लावलीय काय?"

"सोंड लावून झोपलेला ड्रायव्हर उद्या समोरनं आला तर तुज्या अंगावर येणार न्हाई. जा तिकडं, गलका नको."

सोनल स्टुलावर बसून होती. एकदम उठली. "मामा, घोरण्याचा आवाज येत न्हाई."

पायरीवर पाय देऊन ती वर गेली. बऱ्याच वेळानं उतरली तेव्हा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"पोटावर हात ठिवून बघितला. झोपल्यात." मग हळूच म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ह्यांचं घोरणं थांबलं की मला जाग यायची. परत सुरू होईस्तोवर मी पडून ऐकत राहायची. कुणाला सांगितलं न्हाई कधी."

कुशाबांनी हाताची मागची बाजू केबलला लावली, लेकराचा ताप बघावा तशी. केबल गार होती. "चांगलंय," ते म्हणाले. केबलला की सोनलला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन कलल्यावर कैलास उठला. त्याच्या गालावर मास्कच्या पट्ट्याचा वळ उमटला होता, पण चेहरा धुवून काढल्यासारखा दिसत होता. ट्रक पहिल्या झटक्यात चालू झाला. जाताना त्यानं खाली वाकून कुशाबांच्या पायाला हात लावला, तशी म्हाताऱ्यानं त्याला ढकललं. "आवळलेलं नट दर फेरीला बघत जा. पाया पडून नट घट्ट ऱ्हात न्हाईत."

पुढच्या फेऱ्यांत कैलासनं यंत्र लपवणं सोडलं. कुणी विचारलं तर घाटातली हकिकत सांगे, कठड्याच्या ओरखड्यासकट. एक दिवस ऋषिकेश कुशाबांच्या दुकानामागं येऊन उभा राहिला, इकडंतिकडं बघत.

"मामा, आमची बायको बी म्हणती, मी लई घोरतो. बसवाल का तसला डबा?"

कुशाबांनी पक्कड खाली ठेवली आणि त्याला स्टूल दिलं. "बस. आदी डागदर, मग वायर. कैलासला फोन लावतो, त्याला इचार."