पत्रिकाबाईंची दोरी

“कुणाचा आज्जा लीद उचलत होता? आं? कुणाचा? काय लिवलंय ते वाचा की मोठ्यानं! वाचा!”

पहिलीच्या वर्गाच्या दारात उभा राहून मी ओरडत होतो. माझा आवाज त्या काळी असा होता, की मी गल्लीत शिंकलो तर रंकाळ्यावरचे बगळे उठायचे. प्रश्न मी बाईंना केला होता. पण पहिलीच्या पोरांना ‘वाचा’ म्हटलं की वाचायचं एवढंच ठाऊक. बेचाळीस पोरं उभी राहिली, बेचाळीस बोटं हवेत धरली गेली आणि एका सुरात सुरू झालं,

“हत्ती मोठा. लीद मोठी. आज्जा बारका.”

बाईंनी खडू खाली ठेवला. “शिवलीलाचे पप्पा, आवाज जरा कमी करा. आत्ता कुठं वाचायला लागलीत पोरं.”

त्या बेचाळिसांत माझी शिवलीला होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. आवाज घराण्याचाच आमच्या.

बाईंना सगळी गल्ली पत्रिकाबाई म्हणायची. खरं नाव शाळेच्या फळ्यावर असेल, आम्हाला त्याची गरज पडली नाही. लग्न कुणाचंही असो, बाई अक्षता टाकायच्या आणि जेवायच्या आधी यजमानाला गाठायच्या. “उरलेल्या पत्रिका रद्दीत घालू नका हं, मला द्या.” एका लग्नात तर त्यांनी अंतरपाट सरकायच्या आधीच पत्रिका मागितल्या, आणि नवऱ्या मुलाचा बाप समजला की बाई लग्न मोडायला आल्यात. ही बातमी गल्लीत मीच पसरवली होती, तेव्हा त्यातलं किती खरं धरायचं ते तुम्हीच ठरवा. पण पत्रिकांचं खरं होतं. पत्रिकेचा मागचा कोरा भाग वर घ्यायचा, दाभणानं टोचून दोऱ्यानं शिवायचं, की झालं पुस्तक. वर्गात खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत एक दोरी होती आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी ही पुस्तकं वाळत घातलेली असायची. ज्याला वाचायचं त्यानं चिमटा काढायचा.

पुस्तकातला मजकूर मात्र बाईंचा नसायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई एकेका पोराच्या घरी जायच्या. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसायच्या. घरातलं जाणतं माणूस जे सांगेल ते, सांगेल तसंच लिहून घ्यायच्या, आणि खाली तेच शाळेच्या मराठीत. बागवानाच्या सलीमच्या पुस्तकात वर होतं, ‘अम्मी केले पकाती’, आणि खाली, ‘अम्मी केळी पिकवते.’ आमच्या गल्लीच्या नेपाळी गुरख्याच्या पोराच्या पुस्तकात त्याची आमा, म्हणजे आई, बर्फातून लाकडं आणायची. आमच्या पोरांना बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पंधरा दिवस सगळा वर्ग त्या पोराला ‘आमा कोणता रंग घालून देती?’ म्हणून विचारत होता. लिहून झालं की बाई सगळं परत वाचून दाखवायच्या. “असंच सांगितलंत न्हवं?” मग सांगणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. वरती नावही त्याचंच. “ज्यानं सांगितलं त्याचं पुस्तक. मी नुसती हमाल.”

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दोरीखाली उभं राहून विचारलं, ही कसली अशुद्ध भाषा? बाई म्हणाल्या, “साहेब, पोरगं शाळेची भाषा शिकायला शाळेत येतंय, पण ते मुकं येत न्हाय की हो. घरनं शब्द घेऊन येतंय. आधी त्याच्यावर बोट ठेवू दे, मग तुमच्यावर ठेवील.” साहेब चहा न घेता गेले असं म्हणतात. मी मात्र साहेबांनी दोन कप घेतले असं सांगायचो.

आता माझ्या हत्तीचं सांगतो.

माझं सायकलींचं दुकान होतं. भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं, आणि फुकट मिळायच्या त्या माझ्या गोष्टी. त्यात पहिल्या नंबरची गोष्ट माझ्या आज्ज्याची. आज्जा म्हणजे संस्थानच्या हत्तीवरचा माहूत! सहा फूट दोन इंच. गोष्ट सांगताना गिऱ्हाईक चांगलं रंगलं तर सहा फूट पाच. पिसाळलेल्या हत्तीचा कान धरून आज्ज्यानं त्याला भवानी मंडपापासून बिंदू चौकापर्यंत शेळीसारखा चालवला होता. दुकानात भिंतीवर आज्ज्याचा अंकुश टांगलेला होता. तो खरं तर विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ होता, जुन्या बाजारात घेतलेला. पण गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याला हात लावून नमस्कार केला होता. लोक मला राजूशेठ म्हणायचे. बसवराजचा राजू मीच केला होता, शेठही मीच लावला होता. आमचं मूळ गाव नेसरीच्याही पलीकडं, घरात निम्मी कन्नड, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. माझी आई घरात अव्वा होती आणि बाहेर मी तिला आईसाहेब म्हणायचो. ती वळूनही बघायची नाही, कारण कुणाला हाक मारतोय हेच तिला कळायचं नाही.

अशा घरी एका शनिवारी, मी दुकानात असताना, बाई पायरीवर येऊन बसल्या. शिवलीला तेव्हा पहिलीत. वाचायला बसवलं की भिंतीकडं बघायची. अव्वानं सासऱ्याची गोष्ट सांगितली. दुष्काळात तो गावाहून चालत कोल्हापुरात आला, संस्थानच्या हत्तीखान्यात लागला, आणि जन्मभर हत्तीची लीद उचलली. लीद भरायची बुट्टी त्याच्यापेक्षा मोठी. ‘आने दोड्डदु. लद्दि दोड्डदु. अज्जा सण्णव.’ हत्ती मोठा, लीद मोठी, आज्जा बारका. शेवटच्या पानावर होतं, ‘माहूत हाक मारायचा, हत्ती पाय उचलायचा न्हाय. आज्जा खोकला की उचलायचा.’ पत्रिका कमी पडल्या म्हणून अव्वानं ट्रंकेतनं उरलेल्या काढून दिल्या. माझ्याच लग्नाच्या. म्हणजे एका बाजूला लीद आणि दुसऱ्या बाजूला सोनेरी अक्षरात चि. बसवराज.

त्या पुस्तकावर माझी पोरगी आठ दिवसांत वाचायला लागली. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं, की सकाळी दुकान उघडलं तर चार पोरं अंकुशाकडं बोट दाखवून एका सुरात म्हणत होती, “लीद मोठी, आज्जा बारका!” तसाच पंक्चरची बादली लवंडून मी शाळेत गेलो. पुढचं तुम्ही ऐकलंच.

हेडमास्तरांच्या खोलीत मी सरळ सांगितलं, “हे सगळं खोटं हाय. म्हातारीला भ्रम झालाय. कायबी बडबडती.”

आजवर मी हजार थापा मारल्या असतील. त्यांतली एकही मला आठवली की टोचत नाही. ही टोचते.

बाई म्हणाल्या, “पुस्तक अव्वांचं हाय. त्याच सांगतील.” शिपाई अव्वाला घेऊन आला. ती पदर सावरत दारात उभी राहिली. आधी बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ.

“व्हय मास्तर,” ती म्हणाली, “म्हातारी झालो मी. कायबी सांगतो. हत्तीचं मला काय ठाव न्हाय.”

“अव्वा,” बाई म्हणाल्या, “अंगठा तुमचा हाय.”

“अंगठ्याला काय कळतंय, बाई?”

बाईंनी वाद घातला नाही. वर्गात गेल्या, चिमटा काढला आणि पुस्तक अव्वाच्या हातात दिलं. सांगणाराच खोटं म्हणतोय तर दोरीवर ठेवायचं नाही, नियम तो नियम. शिवलीला बाकावरून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापवताना ते पुस्तक मी बंबात घातलं. सोनेरी अक्षरं सगळ्यांत शेवटी जळतात, ही मात्र थाप नव्हे.

त्या दिवसापासून गल्लीत एकाही पोरानं हत्तीचं नाव काढलं नाही. दुकानावर यायची, सायकल घ्यायची, गप जायची. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात दरारा.

पण माझं बघून बाकीच्यांनाही शहाणपण सुचलं. सलीमचा बाप म्हणाला, आमचं पण काढा, केळी कशी पिकवतो ते गिऱ्हाइकाला कशाला कळायला पाहिजे? गुरखा म्हणाला, पोराच्या आमाला मी लाकडं तोडायला लावतो असं दिसतंय. ज्यानं मागितलं त्याला बाई पुस्तक देत गेल्या. महिन्याभरात दोरीवर नुसते चिमटे राहिले. त्यानंतर कुठलाही धडा समोर आला की शिवलीला विचारायची, “हे खरं हाय, का काढून टाकणार हाय?” तिला सरळ वाचायला पुढं दीड वर्ष लागलं. वर्षअखेरीला बाईंची बदली झाली, कळंब्याकडच्या शाळेत. जाताना त्या दोरी गुंडाळून घेऊन गेल्या. माझ्या दुकानावरनंच गेल्या. मी पंक्चर शोधायला बादलीत डोकं घातलं होतं. ट्यूब कुठं फुटली नव्हती.

अव्वा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शिवलीला मोठी झाली, डी.एड.ला गेली. माझ्या गोष्टी ती लहानपणापासून शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “हं.” मला ते कौतुक वाटायचं. मग तिला कॉलेजात काम दिलं, घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकायची आणि तिचं पहिलीसाठी पुस्तक करायचं. मी दोन दिवस दुकान लवकर बंद करून घरात बसलो. ती शेजारच्या दूधवाल्या काकांकडं गेली.

तिसऱ्या दिवशी मी बाईंचा पत्ता काढून कळंब्याला गेलो. बाई निवृत्त झालेल्या. व्हरांड्यात तीच दोरी बांधलेली, तिच्यावर ओळखीच्या चिमट्यांनी टॉवेल वाळत घातलेला. त्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मीही पायरीवरच बसलो. जन्मात पहिल्यांदा कमी शब्दांत बोललो. “बाई, अव्वा खरं सांगत होती. आज्जा लीदच उचलायचा. पुस्तक मी जाळलं.”

“हं,” बाई म्हणाल्या. तो ‘हं’ शिवलीला कुठं शिकली ते मला तिथं कळलं.

“पोरीला अजून सांगितलं न्हाय,” मी म्हणालो. “कसं सांगू?”

“तिला ठाऊक हाय. अव्वांनी त्याच दिवशी सांगितलं तिला, लिवलंय ते खरंच हाय म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना अव्वा वर्गात आल्या, सगळ्याच पोरांना सांगितलं.”

“सगळ्यांना?”

“बेचाळीस.”

“मग आजवर एकबी पोरगं मला कसं काय बोललं न्हाय?”

बाईंनी सालं सुपाच्या कडेला सारली.

“अव्वांनी नको म्हणून सांगितलं होतं.”