चिलखती दरवाजांना बत्तीस भोकं

सार्जंट-मेजर बिन्वेल म्सोसा थुंकायचा. ही त्याची बदनामी नव्हे, अख्ख्या म्फिनी छावणीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. सावकाश, डावीकडे आणि नेमकं. गाडीतून काढलेलं तेल काळं निघालं की एकदा. कुणी कॅप्टन पाना उलटा धरून सल्ला द्यायला लागला की दोनदा. राजधानीतून साहेब आला तर तोंड कोरडं पडेपर्यंत. बायको म्हणायची, "मी याला नवरा म्हणून आमच्या गावात आणला तेव्हा हसायचा हो! लष्करानं याची लाळ वाढवली." आता ती असं म्हणायची खरी, पण लग्नाच्या दिवशीही तो हसला नव्हता, असं तिची सख्खी बहीण शपथेवर सांगते. कुणाचं खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

छोटं लष्कर, छोटा संसार. चिलखती गाड्या मोजून आठ. त्याही दुसऱ्या कुणीतरी वीस वर्षं वापरून कंटाळून दिलेल्या. बिन्वेल पोरसवदा मेकॅनिक म्हणून लागला तेव्हाच त्या म्हाताऱ्या होत्या, आणि एकतीस वर्षं त्यानं त्यांना मरू दिलं नाही. इंजिनाची गॅस्केटं तो मक्याच्या बिअरच्या रिकाम्या खोक्यांतून कापायचा. मेणाचा पुठ्ठा, तेल पीत नाही. त्यासाठी खोकी रिकामी व्हायला लागायची, आणि ते काम वर्कशॉपची पोरं देशसेवा म्हणून मन लावून करायची. गाड्या खोकत, धूर सोडत, पण चालत. आणि त्यांचं चिलखत? ते मात्र अस्सल. आरशाची दांडी बसवायला दरवाजात एक भोक पाडायचं म्हटलं तरी दुपार जायची. ड्रिलची बिटं निळी पडायची, बोथट व्हायची, किंचाळायची. पोरं कानात बोटं घालून बसायची आणि बिन्वेल म्हणायचा, "ओरडू दे. आज बिट ओरडतंय, म्हणून उद्या तुम्ही ओरडणार नाही."

त्या आठांतली तीन नंबरची गाडी चालवायची कॉर्पोरल एलुबी, त्याच्या बहिणीची, एस्नातची मुलगी. आमच्याकडे लेकरू आईच्या घराण्याचं. बाप येतो, जातो, कोंबडी आणतो, पण पोराचं बरंवाईट झालं तर गाव दार ठोठावतं ते मामाचं. एलुबीनं लष्करात जायचं म्हटलं तेव्हा एस्नातनं भावासमोर पायलीभर रडून घेतलं आणि मग एकच वाक्य बोलली होती, "तू हो म्हणालास, तेव्हा ती तुझ्या अंगावर." बिन्वेल तेव्हा थुंकला नव्हता. बहिणीच्या अंगणात थुंकण्याची त्याची छाती नव्हती.

मग गाड्यांना नवं करायचं निघालं. सीमेपलीकडच्या देशात शांतता राखायला आपली तुकडी जाणार होती, आणि तिथे गोळ्या खऱ्या होत्या. ठेका मिळाला वॉटसनला. हा वॉटसन कोण, तर आमच्या ब्रिगेडियर माकुन्ग्वांच्या बहिणीचा मुलगा. आधी गाद्या विकायचा. त्या गाद्यांत काय भरलेलं असायचं यावर बाजारात अजून दोन मतं आहेत. त्यानं आठही गाड्या ट्रेलरवर घालून नेल्या आणि चौदा महिन्यांनी परत आणल्या. नवं डिझेल इंजिन, नवा रंग, गार हवेचं यंत्र, आणि चालकाच्या उजव्या हाताला बाटली ठेवायला एक गोल कडी. जुने दरवाजे गंजले होते म्हणे, तेव्हा प्रत्येक गाडीला दोन नवे, "हलक्या, आधुनिक चिलखताचे". जुने कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नाही.

गाड्या पाहायला बायकापोरांसकट सगळी छावणी लोटली. सगळ्यांचं मन त्या कडीवर बसलं. एका मेजरनं तर तिच्यात बाटली ठेवून, काढून, पुन्हा ठेवून पाहिली. बिन्वेल एका बाजूला उभा होता. दरवाजा त्यानं एका बोटानं उघडला. तो उघडला, हेच त्याला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एलुबी तीन नंबरला पाण्याचा कॅन अडकवायची पट्टी बसवायला त्याच्याकडे आली.

"मामा, दोन भोकं हवीत. मी जेवून येऊ का? तुमची दुपार जाईल."

"थांब इथेच."

त्यानं ड्रिल लावलं, अंग टाकलं, आणि पुढे जाऊन आपटला. कपाळच दरवाजावर. बिट कधीच आरपार गेलं होतं, मक्याच्या पिठाच्या मऊ एन्सिमात बोट जावं तसं. खाली लांब, चमकदार, कुरळी सालं पडली होती. एलुबीनं एक साल उचललं आणि बोटाला गुंडाळलं.

"हे काय मामा? अंगठी झाली."

"घाल," तो म्हणाला. "वॉटसननं तुझं लग्न लावलंय. नवरा कोण असेल ते पलीकडे गेल्यावर कळेल."

ती हसली नाही. सोळाही दरवाजे त्यांनी खालच्या कडेला, रबराच्या पट्टीआड, जिथे दिसणार नाही तिथे टोचून पाहिले. सोळाही तसलेच. साधा पत्रा. जाड, पण साधा. टाकीला वापरतात तो. बिन्वेल थुंकला, पण नेम चुकला आणि ते बुटावर पडलं. असं एकतीस वर्षांत पहिल्यांदा झालं, असं वर्कशॉपची पोरं सांगतात.

गाड्या ताब्यात घेतल्याच्या कागदावर हेड मेकॅनिकची सही लागते. ती तो देईना. आज पाठ दुखते, उद्या चष्मा हरवला. चौथ्या दिवशी ब्रिगेडियर साहेबांनी त्याला घरी जेवायला बोलावलं.

सार्जंट-मेजरला ब्रिगेडियरच्या ताटावर! छावणीत कुजबूज झाली ती उगाच नाही. तो गेला. अंगणात आंब्याखाली चटई, ताटात पांढरीशुभ्र एन्सिमा, आणि तळ्यातला मोठा चाम्बो मासा, डोक्यासकट. साहेबांनी तांब्या उचलला आणि स्वतःच्या हातानं बिन्वेलच्या हातावर पाणी ओतलं. हात धुवायला पाणी घालायचं ते धाकट्यानं थोरल्याला, हाताखालच्यानं साहेबाला. बिन्वेलच्या हातावरून ते पाणी ओघळलं आणि त्याला वाटलं, कुणी अंगावर गोगलगाय सोडली.

"खा, बाम्बो म्सोसा," साहेब म्हणाले. आजवर ते त्याला नुसतं 'ए म्सोसा' म्हणायचे. आता थेट बापमाणसाला लावतात ती हाक! "माशाचं डोकं घे. तुझ्यासाठीच ठेवलंय."

"मला डोकं चालत नाही, साहेब. माझ्याकडे बघतं."

साहेब मोठ्यांदा हसले. मग हसू पुसून जवळ सरकले. "हे बघ. तूही मामा, मीही मामा. माझा भाचा काय, तुझी भाची काय. बहिणींची लेकरं आपल्या गळ्यात असतात. खरं की नाही?"

"खरं, साहेब."

"मग मामाच मामाला समजून घेणार ना? एलुबीचं नाव यादीतून काढतो. राजधानीत टपाल कचेरीत खुर्ची, वर पंखा, संध्याकाळी घरी. तिची आई सुखी, तू सुखी. तू फक्त ती सही कर. अरे, दरवाजा दरवाजासारखा आहे. उघडतो, मिटतो."

"आणि तीन नंबर कोण चालवणार, साहेब?"

"कुणीतरी चालवेल रे. तुझं कुणी नाही ना? मग?"

बिन्वेलनं एन्सिमाचा घास वळला, रश्शात बुडवला आणि तोंडापाशी नेऊन ताटात परत ठेवला. असं करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं. साहेबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्याचीच बिन्वेलला जास्त किळस आली.

पण ऐका, तो काही संत नव्हता. घरी जाताना वाटेत तीन वेळा त्यानं मनातल्या मनात सही केली. पंखा चांगलाच होता. एस्नात निजली असती शांत. त्यानं वाटेतच एलुबीला गाठून सगळं सांगितलं. खरं म्हणजे तिनंच हो म्हणावं, ही त्याची लबाडी.

एलुबीनं ऐकून घेतलं. "माझ्या जागी कोण? तो राखीव चालक, चिसोमो ना? त्याची आई परवा मला भाजलेलं कणीस देऊन गेली. त्याला मामा नाही म्हणून तो पत्र्यात बसेल?"

"मी तुझ्या आईला शब्द दिलाय."

"मग आईलाच विचारा. सांगा, एलुबी वाचली, बाकीचे सगळे चाळणी झाले. बघू ती तुमच्या हातचं पाणी पिते का." आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "मामा, तुम्ही आज साहेबांकडे जेवलात का?"

"नाही."

"तोंडाला वास तर चाम्बोचा येतोय."

"वास घेतला नुसता," तो म्हणाला आणि चांगला लांबवर थुंकला.

रविवारी सगळी छावणी प्रार्थनेला गेली. आमचं प्रवचन लांब असतं, गाणी त्याहून लांब. बिन्वेल म्सोसा, चर्चच्या गायकांतला खालचा आवाज, त्या दिवशी आला नाही. त्यानं वर्कशॉप उघडलं आणि सोळाही दरवाजांना, ऐन मध्यावर, चालकाच्या काखेच्या उंचीला, दोन दोन भोकं पाडली. अंगठा जाईल एवढी. लपवायचा प्रश्नच नव्हता. उन्हं आत शिरून सीटांवर ठिपके पडले. एकच बिट वापरलं, आणि शेवटी तेही धारदारच राहिलं. मग तो अंगरखा बदलून चर्चमध्ये जाऊन शेवटच्या गाण्याला उभा राहिला.

ब्रिगेडियर साहेब संतापले ते असे, की त्यांना आधी शब्द फुटेना आणि मग थांबेना. बिन्वेलला कोठडीत टाकलं आणि कारकून मातेवेरेला समोर बसवून आरोपपत्र सांगायला लागले. हा मातेवेरे म्हणजे छावणीतला सगळ्यात आज्ञाधारक आणि म्हणून सगळ्यात धोकादायक माणूस. साहेब जे बोलतील ते टंकणारा. त्यानं टंकलं: आरोपीने रविवारी प्रार्थनेच्या वेळेत, एकट्याने, साध्या ड्रिलने, दीड तासात, गोळीरोधक चिलखती दरवाजांना बत्तीस आरपार भोके पाडून सरकारी मालमत्तेचे नुकसान केले.

"किती प्रती, साहेब?"

"जितक्या लागतील तितक्या! सगळ्यांना कळू दे!"

नियमाप्रमाणे बाहेरच्या मोहिमेला नेमलेल्या गाडीला ओरखडा जरी आला तरी एक प्रत मोहिमेच्या परदेशी तपासनिसांना जाते. मातेवेरेनं ती घातली. साहेबांनी खाली सही ठोकली, एकदा नव्हे, सहा वेळा.

लष्कराच्या वकीलबाई, कॅप्टन न्जोलोमोले, मंगळवारी हजर. त्यांनी कागद साहेबांसमोर ठेवला.

"साहेब, हे तुम्ही वाचलंत?"

"मी सांगितलंय ते! वाचायचं काय?"

"यात लिहिलंय, की गोळीला अडवणारा दरवाजा एका पन्नाशीच्या माणसानं तीन मिनिटांत भोसकला. कोर्टात मी हे सिद्ध करायचं. सिद्ध केलं तर म्सोसाला सहा महिने. आणि दरवाजे ज्यानं आणले त्याला किती, ते मलाही मोजून बघावं लागेल."

असं म्हणतात, की साहेबांनी तेव्हा कागद फाडला. पण पाच प्रती बाहेर होत्या, आणि त्यातली एक तपासनिसांच्या विमानात. ते आले, त्यांनी भोकांत बोटं घातली, आपापसात बोलले आणि सोळाच्या सोळा दरवाजे नापास करून गेले. तुकडीचं जाणं पाच महिने पुढे गेलं.

आता वाटेल, वॉटसन बुडाला. कुठला! भोकं पडलेले दरवाजे बदलायचे म्हणून नवा ठेका निघाला आणि तो वॉटसनच्या मावशीच्या मुलाला मिळाला. ब्रिगेडियर साहेब वर चढले. आरोप मागे घेतला गेला, पण बिन्वेल म्सोसाला 'श्वासाच्या विकारा'वरून सेवेतून मोकळं केलं. निरोपाला कुणी साहेब आला नाही. साहेब आला असता तर तो थुंकला असता, तेव्हा ठीकच झालं. तो बायकोच्या गावी गेला, दोन कोंबड्या, एक भुईमुगाचं शेत, आणि शेजाऱ्याची पिठाची गिरणी नेहमी बंद पडलेली. ती तो दुरुस्त करत नसे. विचारलं की म्हणायचा, "वरच्या कुणाचा भाचा चालवत असेल तर त्यालाच सांगा."

नवे दरवाजे बसले त्या दिवशी तुकडीला निघायचं होतं. दुपारी त्याच्या बायकोचा फोन वाजला. पलीकडे एलुबी.

"मामा, आम्ही आठही चालक बाहेर उभे राहिलो. म्हटलं, आधी ड्रिल, मग बसणार. मंत्री आले होते, बँड आला होता. कॅमेऱ्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती कुणाला."

"मग?"

"किंचाळलं हो! बँड बंद करावा लागला. बिट निळं पडलं, दरवाजावर नुसता ओरखडा."

"सोळाही?"

"चौदा. दोन मऊ निघाले. ते काढून ठेवलेत, जुन्या डेपोतून दुसरे बसवतायत. त्याशिवाय गाडी हलणार नाही, असं कॅप्टन बाईंनी मंत्र्यांकडून लिहून घेतलंय."

बिन्वेलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामा? ऐकताय ना?"

"कोणत्या गाडीचे दोन?"

"तीन नंबरचे."

त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं, की त्यानं फोन तिच्या हातात दिला, एस्नातकडे जायला अंगरखा घातला, आणि अंगणाच्या कडेपर्यंत चालत जाऊन इतका वेळ थुंकत राहिला की कोंबड्या लांब पळाल्या.