दोरीपलीकडची चप्पल

आमच्या घरात कलेची आवड कोणालाही नाही, आणि आजवर त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. भिंतीवर एक कॅलेंडर असतं, तेही तारखा पाहण्यासाठी. मी जळगावला एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. दुसऱ्याच्या कागदावर चुकीचा आकडा दिसला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जात नाही. एवढा एक सोडला तर मला कसलाही नाद नाही.

तक्रार सुरू झाली ती आमची मुलगी प्राजक्ता मुंबईला नोकरीला गेल्यावर. तिथं तिनं स्वतःच एक मुलगा पसंत केला. मुलगा चांगला होता (मी चौकशी केली होती, आणि ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांचीही चौकशी केली होती). अडचण मुलाच्या वडिलांची होती. सामंत आडनावाचे हे गृहस्थ निवृत्त आर्किटेक्ट. चित्रं आणि शिल्पं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोन्ही घरांची पहिली भेट कुठं व्हावी, तर त्यांनी सुचवलं, एका कलासंग्रहालयात. रविवारी चार वाजता, तिथल्याच उपाहारगृहात.

"पप्पा, तुम्ही शनिवारी सकाळीच या," प्राजक्ता फोनवर म्हणाली. "दोन दिवस म्युझियम बघा. म्हणजे त्यांच्याशी बोलायला काहीतरी असेल. नाहीतर तुम्ही पहिल्याच भेटीत त्यांना मुदतठेवीचे व्याजदर सांगाल."

मी तेच सांगणार होतो.

तर आम्ही निघालो. मी, माझी बायको शैला आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्का धुळ्याजवळच्या खेड्यात राहते आणि अहिराणीच बोलते. आईवडिलांच्या मागं आमच्या घरातलं कुठलंही लग्न तिच्या होकाराशिवाय ठरत नाही, मग ते मुंबईत ठरो की चंद्रावर. निघताना शैलानं माझ्यासाठी नवे बूट काढून ठेवले होते. मी ते परत खोक्यात ठेवले. नवे बूट लग्नात घालायचे, बोलणी करताना कशाला? माझी कातडी चप्पल जुनी असली तरी शाबूत होती. डाव्या पायाचा अंगठा तेवढा पुन्हा पुन्हा, दर वेळी एक टाका घालून, शिवून घेतला होता.

"ते लोक पायाकडे बघतील," शैला म्हणाली.

"ते कलेकडे बघणारे लोक आहेत," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं कलेविषयीचं हे पहिलं विधान, आणि ते इतकं चुकीचं निघावं!

शनिवारी आम्ही पहिलं संग्रहालय पाहिलं. ते जुनं, घुमटाचं, समुद्रापासून जवळच. आत दगडी मूर्तीच मूर्ती. विष्णू, सूर्य, महिषासुरमर्दिनी. मी पाट्या वाचत होतो, शैला पंख्याखालची जागा शोधत होती आणि अक्का प्रत्येक मूर्तीला हात जोडत होती. एका गणपतीपुढं तिनं पिशवीतलं रावेरचं केळं ठेवलं. रखवालदारानं ते अदबीनं उचलून परत दिलं. अक्कानं ते प्रसाद म्हणून आम्हा तिघांत वाटलं, आणि रखवालदारानं खाणं आत आणल्याबद्दल आम्हाला तितक्याच अदबीनं बाहेर काढलं. पण अक्काला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"देवना समोर बठ्ठा चपला घालीसन फिरी राह्यनात," ती म्हणाली. "लाज शे का नही कोणले?"

रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं हा विषय सोडला नाही. मुंबईच्या लोकांना देवासमोर चप्पल काढता येत नाही, त्या लोकांत आपली पोरगी द्यायची का, असा तो विषय वाढत वाढत थेट सामंतांच्या दारात पोचला. हे स्थळ माझ्या डोळ्यांदेखत पायताणावरून मोडत होतं.

म्हणून रविवारी दुपारी दुसऱ्या, भेट ठरली होती त्या नव्या कलेच्या संग्रहालयात गेलो तेव्हा मला केवढं हायसं वाटलं ते काय सांगू. तिसऱ्या मजल्यावर एका काळोख्या खोलीचं दार होतं, आणि दाराबाहेर जमिनीवर चपलाच चपला. जुन्या, नव्या, लहान पोरांच्या, गड्यांच्या, एखाद्या मोठ्या सप्ताहाला असाव्यात तशा.

"बघ अक्का," मी म्हणालो, "इथं काढतात."

अक्का प्रथमच प्रसन्न दिसली. सामंत मंडळी आता तिच्या नजरेत माणसांत आली.

फक्त एक गोष्ट मला खटकली. चपला कशाही पडल्या होत्या. काही उलट्या, काही एकमेकींवर. जमिनीवर चांगली सरळ पिवळी पट्टी आखलेली, आणि एकही चप्पल पट्टीला धरून नाही. मला हे बघवेना. मी खाली वाकलो आणि चपला जोडीनं लावायला लागलो. शैला म्हणाली, दुसऱ्यांच्या चपलांना कशाला हात लावता. मी म्हणालो, शिस्त कोणीतरी लावायला हवी. लहान पुढं, मोठ्या मागं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. शेवटी माझी जोडी आणि शैलाची जोडी रांगेच्या टोकाला ठेवली. दोन पावलं मागं होऊन पाहिलं आणि मनात आलं, सामंतांनी या क्षणी यावं आणि पाहावं.

अक्कानं मात्र आपली एक चप्पल रांगेच्या या टोकाला ठेवली आणि दुसरी पार त्या टोकाला नेऊन ठेवली. देवळात ती चोराच्या भीतीनं नेहमी तसंच करते.

"एक आठे, एक तठे," तिनं शैलाला समजावलं. "चोर जोडी लेस. एकली चप्पल लिसन तो काय करी?"

आत खोलीत भिंतभर समुद्राच्या लाटा दाखवत होते आणि जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. खरा समुद्र बाहेर होता, तो सोडून लोक इथं काळोखात का बसले होते ते मला कळलं नाही, पण गाद्या मऊ होत्या. शैलानं पाय पसरले. अक्का भिंतीला टेकली आणि घोरू लागली. मी लाटा मोजत होतो एवढं मला आठवतं, त्याअर्थी मलाही डोळा लागला असणार.

जाग आली तेव्हा चार वाजायला आले होते. धडपडत बाहेर आलो. पाहतो तर माझी रांग नाही! चपला पुन्हा पहिल्यासारख्या विस्कटलेल्या, सभोवती नवीन दोरी बांधलेली, आणि दोरीजवळ एक रखवालदार उभा. मी दोरीवरून पाय टाकणार, तोच त्यानं मला हातानं अडवलं.

"साहेब, कलाकृतीला हात लावू नका."

कलाकृती कुठं आहे, मी विचारलं. त्यानं चपलांकडे बोट दाखवलं. आणि मग दारापलीकडच्या भिंतीवरची एक पाटी दाखवली. आम्ही ज्या बाजूनं आलो तिथून ती दिसतच नव्हती. गावं सोडून शहरात आलेल्या माणसांच्या चपला एका कलावंतानं गोळा करून मांडल्या होत्या. दुपारी कोणीतरी माथेफिरू येऊन सगळी मांडणी बिघडवून गेला, असं रखवालदार सांगत होता. दोन माणसांनी फोटो हातात घेऊन ती पुन्हा विस्कटायला घेतली, तेव्हा कुठं आत्ता पूर्ववत झाली होती.

माथेफिरूबद्दल मी काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की यातली एक चप्पल माझी आहे.

"रोज कोणीतरी म्हणतं, साहेब," तो समजुतीनं म्हणाला. "पाटीवर शेवटी तेच लिहिलंय. यातली प्रत्येक चप्पल तुमचीच आहे."

"तसं नाही हो. माझी खरंच आहे."

"काल एक बाई इथं उभ्या राहून रडल्या."

मलाही तेच करावंसं वाटत होतं. मी त्याला म्हणालो, वरिष्ठांना बोलवा. त्यानं फोन लावला. संग्रहालयाच्या मुख्य बाई खालच्या मजल्यावर होत्या, येते म्हणाल्या. आणि त्यांच्या आधी जिन्यावरून वर आली ती प्राजक्ता, तिच्यामागं मुलगा आणि त्याचे आईवडील. आम्ही उपाहारगृहात दिसलो नाही म्हणून शोधत आले होते. सामंत फार खुश दिसत होते. चार वाजून गेले तरी पाहुण्यांचा पाय कलादालनातून निघत नाही, असे व्याही कोणाला मिळतात?

मी शैलाला कुजबुजलो, हलू नकोस. तिची साडी जमिनीपर्यंत होती, ती सुटली. मी पँट कमरेवरून जेवढी खाली ओढता येईल तेवढी ओढली. अक्काचं लुगडं घोट्याच्या वर होतं, म्हणून तिला आम्हा दोघांच्या मागं उभं केलं. नमस्कार झाले. सामंतांनी हात पुढं केला. माझा एक हात पँटला होता, म्हणून मी डावा दिला.

"अरे वा, तुम्ही याच कामापाशी थांबलात," सामंत म्हणाले. "मी हे चारदा येऊन पाहिलंय."

आणि ते बोलायला लागले. माणूस खरोखर छान बोलत होता. तळव्यांच्या झिजेवरून माणसाची चाल कशी कळते, पट्ट्यावरून त्याचं काम कसं कळतं. मी मान हलवत होतो. प्राजक्ता कौतुकानं माझ्याकडे पाहत होती. दोन मिनिटं आणखी गेली असती तर सगळे चहाला खाली गेले असते, मी मागं राहून बाईंना भेटलो असतो, आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तेवढ्यात सामंतांनी एका तपकिरी कातडी चपलेकडे बोट दाखवलं.

"ही बघा. डाव्या पायाचा अंगठा तीन वेळा शिवलाय. काय दिवस काढले असतील त्या माणसानं. परिस्थितीनं पार पिचलेला माणूस."

पिचलेला म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. पण आकडा! मी ओठ दाबून धरले. शैलानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. उपयोग झाला नाही.

"चार वेळा," मी म्हणालो.

"अं?"

"तीन नाही, चार वेळा शिवलाय. चौथ्यांदा दिवाळीत."

सामंतांनी चपलेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सावकाश माझ्या पँटच्या टोकाकडे, जिथून दहा बोटं बाहेर आली होती. प्राजक्तानं डोळे मिटून घेतले.

कोणी काही बोलायच्या आत अक्का आमच्या मागून निघाली, लुगडं सावरून दोरीखालून आत शिरली, चपलांच्या मधून वाट काढत एका कोपऱ्यातली आपली एक चप्पल उचलली आणि ती हातात धरून दुसरी शोधायला लागली. रखवालदार धावला.

"हाई मनी शे," अक्का त्याला म्हणाली. "तुमनी कला तुमनाकडे ठेवा."

तेवढ्यात मुख्य बाई आल्या. फोटो आणले गेले. अक्काची आणि शैलाची जोडी फोटोत कुठंच नव्हती, त्या लगेच मिळाल्या. तपकिरी कातडी चपलांचा मात्र फोटोत नुसता ढीग होता. बाईंनी मला विचारलं, तुमची नक्की हीच? आता सगळ्यांदेखत चार टाके सांगून बसल्यावर मी काय म्हणणार? हीच, म्हणालो. पायात घातली. जराशी घट्ट झाली, पण दोन दिवस पायपीट करून पाय सुजलेच असतील.

सगळे चहाला खाली गेलो. मग सामंतबाईंनी अक्काला विचारलं, एक चप्पल इकडे आणि एक तिकडे का हो? अक्कानं चोराची गोष्ट सांगितली. सामंत इतके हसले की त्यांच्या बशीत चहा सांडला. पुढचा तासभर ते अक्काशीच बोलत होते. जाताना अक्का माझ्या कानात म्हणाली, मानसं चांगली शेतस. स्थळ ठरलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

सोमवारी जळगावला घरी आलो. ओट्यावर चप्पल काढली आणि सवयीनं डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. टाके तीन होते. उन्हात नेऊन पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. तीनच.

दोन दिवस माझ्या घशाखाली नीट घास उतरला नाही. संग्रहालयात फोन केला, तर बाई म्हणाल्या, आम्ही मोजणी केली आहे, कलाकृतीत काहीही कमी नाही. शेवटी मनाचा हिय्या करून सामंतांना फोन लावला आणि सांगितलं की त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी टाके तेव्हाच मोजले होते. पण पहिल्याच भेटीत मुलीच्या वडिलांना खोटं कसं पाडायचं? शैलाताईंनी तुमचा दंड धरलेला पाहिला आणि गप्प बसलो."

मी म्हणालो, कुरिअरनं पाठवतो, तुम्ही तिथं नेऊन बदलून घ्या.

"अजिबात नको," सामंत म्हणाले. "कालच जाऊन आलो. तुमची, चार टाक्यांची, आता त्यांनी मधोमध ठेवलीय. फार बोलकी आहे हो."

तर सध्या परिस्थिती अशी आहे. माझी चप्पल मुंबईत दोरीपलीकडे आहे, लोक तिकीट काढून तिच्यासमोर हळवे होतात आणि तिला हात लावायची कोणाची छाती नाही. इकडे मी कलाकृती घालून रोज भाजी आणायला जातो. करंगळीला चावते.